घोडेवाल्या टोळ्यांचं राष्ट्र लिहायचंय? आधी गवत मोजा

मी गेली तीनेक वर्षं एक फॅन्टसी कादंबरी लिहितोय, अजून संपली नाहीये, ते जाऊ दे. त्यात कोराय नावाचं एक राष्ट्र आहे, क्षितिजापर्यंत माळरान, सात टोळ्या, सगळे घोड्यावर. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी एक झकास लढाई लिहिली होती, पन्नास हजार स्वार एका कोरड्या खिंडीत पंधरा दिवस दबा धरून बसलेत आणि सोळाव्या दिवशी पहाटे शत्रूवर तुटून पडतात. मित्राला वाचायला दिलं. त्याचे काका मेंढरं घेऊन फिरणारे, फलटणकडचे धनगर. मित्राने त्यांना तो सीन तोंडीच सांगितला तर काका म्हणाले, "पंधरा दिस घोडी खात काय हुती?"

झालं. माझ्या लढाईचे तिथेच बारा वाजले.

त्यानंतर मी सगळं उलट्या बाजूने परत बांधलं, म्हणजे आधी तलवार, राजा, दाढी, शिंगाचा टोप असं न करता आधी गवत, मग जनावर, मग वर्ष, मग माणूस, आणि लढाई अगदी शेवटी. कोणाला असं राष्ट्र बनवायचं असेल, कादंबरीसाठी, कॉमिकसाठी नाहीतर मित्रांबरोबर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी, तर मी केलेला हा खटाटोप उपयोगी पडेल. बहुतेक उदाहरणं मंगोलिया, कझाकस्तान आणि जुन्या शक-हूण मंडळींची आहेत कारण घोड्यावर जगणारी राष्ट्रं जास्त करून तिकडेच झाली.

आधी हिशोब, कंटाळा आला तरी

मंगोलियात जनावरं मोजायची एक सोपी पद्धत आहे, सगळं मेंढीत मोजायचं. मेंढी १, बकरी ०.९, उंट ५, गाय ६ आणि घोडा ७. म्हणजे एक घोडा सात मेंढ्यांचा चारा खातो. उंटापेक्षा जास्त! मला हे वाचून धक्काच बसला होता. कारण असं की घोडा रवंथ करत नाही, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, त्यामुळे त्याला दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास चरत राहावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडे घोडे जास्त त्याने एवढ्या मेंढ्यांचं गवत नुसतं रुबाबावर घातलं असा अर्थ होतो, आणि म्हणूनच घोडा हे श्रीमंतीचं लक्षण. मेंढी पोट भरते, घोडा इज्जत राखतो.

आता आपल्या राष्ट्राचा आकडा काढू. एक कुटुंब धरा पाच माणसांचं. त्यांच्याकडे शंभर मेंढ्या, दहा घोडे, पाच गाई. १०० अधिक ७० अधिक ३०, झाले २०० मेंढी-हिशोब. कोरड्या माळावर एका मेंढीला वर्षभरासाठी दीड हेक्टर लागतं असं मी माझ्या राष्ट्रापुरतं धरलं (तुमचा माळ हिरवा असेल तर कमी धरा, वाळवंटाजवळ असेल तर पुष्कळ जास्त). म्हणजे एका कुटुंबाला ३०० हेक्टर, तीन चौरस किलोमीटर. चाळीस हजार कुटुंबं असतील तर १,२०,००० चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे, त्याच्या जवळजवळ चाळीस टक्के जागा, आणि त्यात माणसं किती तर दोन लाख, आपल्याकडे एका तालुक्याला भरतील एवढी.

हा आकडा डोक्यात बसला की अर्ध्या चुका आपोआप जातात. तुमचा हिरो तासन् तास चालला तरी त्याला माणूस भेटू नये. आणि भेटला तर तो पाहुणा असतो, पुढे येतंच ते.

शेजारी शेजारी तंबूंचं शहर मात्र दाखवू नका, टीव्हीवर दाखवतात तसं. एका जागी दोन-पाच, फारतर दहा तंबू. जास्त झाले की आसपासचं गवत आठवड्यात संपतं आणि मेंढरं रोज लांब लांब न्यावी लागतात. मोठा जमाव उन्हाळ्यात सणाला किंवा खानाच्या बोलावण्यावर जमतो आणि पांगतो.

घोडा एकटा ठेवू नका

नवीन लिहिणारा हमखास करतो ती चूक म्हणजे नुसते घोडे. मंगोल लोक पाच जनावरं धरतात: घोडा, गाय (किंवा याक), उंट, मेंढी, बकरी. प्रत्येकाचं काम वेगळं. मेंढीपासून मांस आणि लोकर, लोकरीपासून घर, उंटावर घर लादायचं, गाईचं दूध, शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या जाळायला कारण माळावर झाड नसतं. घोडा हिवाळ्यात आणखी एक काम करतो जे मला फार आवडलं, तो खुराने बर्फ उकरून खालचं गवत काढतो. मेंढीला खोल बर्फ झेपत नाही. म्हणून कझाक गुराखी आधी घोडे सोडायचे, त्यांनी वरचा थर फोडला आणि शेंडे खाल्ले की मागून गाई आणि शेवटी मेंढ्या. आता विचार करा, थंडीत कोणी एखाद्या टोळीचे फक्त घोडे चोरले तर? बर्फाखाली गवत असूनही मेंढ्या भुकेने मरतील. हा प्लॉट मला हिशोबातून फुकट मिळाला.

घोड्यांच्या आतली व्यवस्थाही समजून घ्या. एका नराच्या मागे पंधरा-वीस घोड्या आणि त्यांची शिंगरं, तो नर त्यांना राखतो, लांडग्यांवर धावून जातो. स्वारीला सहसा खच्ची केलेले घोडे वापरतात. म्हणजे सरदार फुरफुरणाऱ्या मोकाट नरावर बसून येतो हे दिसायला भारी आहे पण रोजच्या कामाला कोणी तसं करत नाही. आणि साइज! मंगोल घोडा खांद्यापाशी साधारण सव्वा मीटर, चांगला उंच असला तर एक मीटर चाळीस. उंचीने आपल्या तट्टांसारखाच. बुटका, डोकं मोठं, पाय आखूड, आणि थंडीत बाहेर उघड्यावर राहून जगणारा. तबेला नाही, तोबरा नाही, चंदी नाही. उंच चकचकीत अरबी घोडा त्या बर्फात एक हिवाळा काढेल की नाही शंका आहे, त्यामुळे तुमच्या राष्ट्रात घोडा उंच हवा असेल तर तो खातो काय आणि थंडीत राहतो कुठे ते आधी ठरवा.

दूध काढायचा सीन लिहिणार असाल तर नीट लिहा. घोडी गाईसारखी उभी राहून बादलीभर देत नाही, कास लहान असते, त्यामुळे दिवसातून पाच-सहा वेळा, दर दोनेक तासांनी थोडं थोडं काढावं लागतं. आधी शिंगरू लावायचं, पान्हा सुटला की बाजूला ओढायचं. शिंगरं दिवसभर जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधून ठेवतात म्हणजे घोड्या लांब जात नाहीत, घुटमळत परत येतात. ते दूध चामड्याच्या पिशवीत ओतून घुसळत राहायचं, हजारो वेळा, येणारा-जाणारा प्रत्येकजण दोन-चार हात मारून जातो, आणि त्याचं आंबट, किंचित चढणारं पेय होतं, मंगोल ऐराग म्हणतात, कझाक कुमिस. दारू म्हणून बघितलं तर एकदम माइल्ड. शंभर पानं झाली तरी कोणी ऐराग पिऊन झिंगून पडलेलं मी दाखवलं नाहीये.

वर्ष आखा

मी एक कागद घेतला, चार खाने केले आणि प्रत्येक ऋतूत टोळी कुठे आहे, काय खाते, कशाला घाबरते हे लिहिलं.

वसंत म्हणजे फुलं वगैरे आपल्या कवितेतलं. माळावर वसंत हा सगळ्यात वाईट काळ. जनावरं हिवाळाभर अर्धपोटी राहून हाडं दिसायला लागलेली, नवं गवत अजून आलेलं नाही, धुळीची वादळं, आणि त्यातच मेंढ्या विणार. माणसं रात्र रात्र झोपत नाहीत, अशक्त कोकरं घरात चुलीपाशी. या काळात लढाई करणारा खान मूर्ख.

उन्हाळा मस्त. दूध, सण, लग्नं, कुस्त्या. मंगोलियात नादाम जुलैत होतो, कुस्ती, धनुर्विद्या आणि घोड्यांची शर्यत. शर्यत मैदानात गोल गोल नसते, उघड्या माळावर पंधरा-वीस किलोमीटर, मोठ्या घोड्यांची त्याहून लांब, आणि स्वार लहान पोरं, कारण तिथे घोड्याचा दम बघायचा असतो, स्वाराचा नाही.

शरद ऋतूत घोडे सगळ्यात जाडजूड. लुटीला निघायचं तर आत्ता. चिनी लोकांना हे इतकं माहीत होतं की घोडे पुष्ट झाले म्हणजे सीमेवर सावध राहा असं त्यांचं गणितच होतं. थंडी पक्की झाली की हिवाळ्यापुरती जनावरं मारायची, मांस आपोआप गोठतं.

आणि हिवाळा. सगळ्या राजकारणाचं मूळ इथे आहे. उन्हाळी कुरण पसरलेलं असतं, थोडं इकडे-तिकडे झालं तरी भागतं. पण हिवाळ्याची जागा म्हणजे डोंगराच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी, दक्षिणेकडे तोंड असलेली, जनावरांना बसायला वर्षानुवर्षांच्या सुक्या लेंड्यांचा उबदार थर असलेली. अशा जागा मोजक्याच. भांडण होणार ते यावरून. 'भटके आहेत म्हणजे जमीन कोणाचीच नाही' हे साफ चूक. मालकी कागदावर नसते एवढंच, कोणाचा हिवाळी तळ कुठला हे पंचक्रोशीला पाठ असतं. मॅपवर तुम्ही देशाच्या बॉर्डर नंतर काढा, आधी हिवाळी दऱ्या काढा. माझ्या सात टोळ्यांना मी दऱ्या सहाच दिल्या आणि मग मला खलनायक शोधायची गरजच पडली नाही.

आता झुद. हा शब्द लक्षात ठेवा. जनावरं मरणारा हिवाळा. पांढरा झुद म्हणजे बर्फ इतकं खोल की उकरता येत नाही. काळा झुद म्हणजे बर्फच पडलं नाही, मग प्यायला पाणी नाही कारण हिवाळ्यात जनावरं बर्फ खाऊनच तहान भागवतात. आणि सगळ्यात क्रूर तो लोखंडी झुद, मध्येच ऊन पडून बर्फ वितळतं आणि परत गोठतं, गवतावर काचेसारखा थर, गवत खाली दिसतंय आणि तोंडात येत नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियात ऐंशी लाखांहून जास्त जनावरं गेली. एका हिवाळ्यात कालचा श्रीमंत आज दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला. आपल्याकडे ७२ चा दुष्काळ आजी-आजोबांच्या बोलण्यात जसा येतो, "दुष्काळाच्या आधी", "दुष्काळानंतर", तशी तुमच्या पात्रांची वयं आणि लग्नं झुदाने मोजू द्या. तारीख-वार-शके देण्यापेक्षा किती बरं वाटतं ते.

घर आणि दार

तंबू म्हणू नका, म्हणजे म्हणा, पण तो आपल्या लग्नाच्या मांडवासारखा कापडी नसतो. मंगोल 'गेर' म्हणजे घडी होणाऱ्या लाकडी जाळीच्या भिंती, वर छत्रीसारख्या काड्या, मधोमध धूर जायला गोल चक्र, आणि बाहेरून नमदा. नमदा म्हणजे बुरणूस असतो ना आपला तसा, विणलेला नाही, घोंगडी विणतात, हा दाबून केलेला. लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, दांड्याभोवती घट्ट गुंडाळायची आणि तो रूळ घोड्यामागे माळावर ओढत फिरवायचा. म्हणजे घर मेंढीचं आणि घर बनवणारा घोडा. दोन-तीन तासांत उभं, त्याहून कमी वेळात मोडून उंटावर.

दार दक्षिणेला. आत शिरल्यावर पाहुण्याची बाजू पश्चिमेची, चूलभांडी पूर्वेला, मागे दारासमोरची जागा मानाची, देवाची. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (हे आपल्यालाही घरी सांगितलेलं असतंच). आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, लांबून घराकडे येणारा माणूस ओरडतो, "कुत्रं धरा!" मंगोलियात हीच दारावरची हाक, कुत्रं नसलं तरी.

पाहुणचार हा तिथे स्वभावाचा चांगुलपणा नाही, तो विमा आहे. उणे तीस डिग्रीत दुसऱ्या घरापर्यंत माणूस पोचेलच असं नाही, त्यामुळे आलेल्याला आत घ्यायचंच, शत्रू असला तरी चहा द्यायचा, कारण उद्या तुमचा मुलगा कोणाच्या तरी दारात असाच उभा असेल. यात सीन किती आहेत बघा, ज्याने भाऊ मारला तोच बर्फात दारात उभा आणि आई त्याला वाटी भरून देतेय. मी हा लिहिलाय, चार वेळा खोडून.

बाईचं स्थान लिहिताना दोन्ही टोकं टाळा, सगळ्याच बायका धनुष्यबाण घेऊन फिरतायत असंही नको आणि सगळ्या तंबूत रडतायत असंही नको. पुरुष महिनोन् महिने लढाईला गेले की तळ कोण हलवणार, जनावरांची खरेदी-विक्री कोण करणार? बायकाच. चंगीजखानाचा मुलगा ओगताई खान १२४१ मध्ये मेल्यावर त्याची बायको तोरेगेने हिने जवळपास पाच वर्षं सगळं मंगोल साम्राज्य चालवलं. आणि शकांच्या जुन्या थडग्यांत शस्त्रांसकट पुरलेल्या बायका सापडल्यात.

टोळी म्हणजे नक्की काय

टोळ्यांना नुसतं लांडगा टोळी, गरुड टोळी असं नाव देऊन मोकळं होऊ नका. नातं कसं मोजतात ते ठरवा. कझाकांमध्ये सात पूर्वजांचा नियम आहे, सात पिढ्यांपर्यंतचे बाप-आजे-पणजे पाठ हवेत आणि त्या आत लग्न नाही. म्हणजे नवरी कायम लांबून आणावी लागते, म्हणजे लांबच्या टोळीशी सोयरीक होते, म्हणजे झुद आला तर जायला एक दार असतं. नियम बघायला सोवळ्याचा वाटतो आणि आत मात्र व्यवहार.

वारसा सुद्धा उलटा. मंगोलांमध्ये मोठ्या मुलांना लग्न झालं की त्यांची जनावरं देऊन वेगळं करायचे आणि बापाची चूल राहायची धाकट्याकडे. आपल्या गोष्टींत थोरला गादीवर बसतो, त्यामुळे हे एवढं एक फिरवलं तरी सगळं घराणं वेगळं वागायला लागतं. त्यात मानलेला भाऊ, मंगोल 'अंदा' म्हणतात, टाका. तेमुजीन (म्हणजे पुढचा चंगीजखान) आणि जमुखा लहानपणीचे अंदा होते आणि पुढे एकमेकांचे वैरी झाले.

मग या टोळ्या एकत्र का येतात? 'भविष्यवाणी होती म्हणून' असं प्लीज लिहू नका. साधारणपणे दोन कारणं असतात, शेजारचं श्रीमंत राज्य आणि वाटणारा हात. मेंढपाळाला धान्य, कापड, लोखंड, चहा बाहेरूनच आणावा लागतो. एकेकट्या टोळीला सीमेवरचा व्यापारी हुसकावून लावतो, पण सगळे मिळून गेले तर सम्राटच रेशीम पाठवतो. इसवी सनपूर्व २०० मध्ये चीनच्या उत्तरेकडच्या शिओंग्नू टोळ्यांचा राजा मोदू याने चीनच्या हान सम्राटालाच वेढ्यात गाठलं आणि पुढे वर्षानुवर्षं रेशीम, धान्य आणि एक राजकन्या असं सगळं चालू झालं. हे रेशीम खान स्वतः नेसत बसत नाही, वाटतो. ज्या दिवशी वाटणं थांबेल त्या दिवशी टोळ्या रातोरात तंबू मोडून निघून जातील, त्यांना अडवणार कोण, भिंत तर नाहीये.

उलट बाजूनेही बघा, शेती करणाऱ्या राज्याला घोडे हवेच असतात. सोंग राजांच्या काळात चीन चहा देऊन घोडे घ्यायचा. आपल्याकडे अरबी-इराणी घोडे जहाजातून चौल, दाभोळ, गोव्याच्या बंदरांत उतरायचे आणि दख्खनच्या नाहीतर विजयनगरच्या राजांकडे जायचे, त्यावर केवढं राजकारण झालं. तेव्हा तुमच्या राष्ट्राचं शेजाऱ्याशी नातं नुसतं लुटायचं दाखवू नका, बाजार दाखवा. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो तिथे एकदा जाऊन या, दात बघून वय काढणारे, पाय उचलून खूर बघणारे, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आहे की नाही म्हणून मान चाचपणारे लोक बघितले की तुमचा बाजाराचा सीन स्वतःच लिहिला जाईल.

टोळी मोडायची असेल तर चंगीजखानाकडून शिका. १२०६ च्या कुरुलताईत, म्हणजे सरदारांच्या सभेत, त्याला खान केलं आणि त्याने सैन्य दहा, शंभर, हजार, दहा हजार असं लावलं, पण मुद्दाम जुन्या टोळ्या फोडून मिसळून. पराभूत टोळीची माणसं दहा ठिकाणी. माणूस आता टोळीचा राहिला नाही, हजारीचा झाला. तुमचा खलनायक किंवा हिरो (दोघांत फार फरक नसतो) हेच करेल, आणि एक म्हातारी असेल जिला सात पिढ्या पाठ आहेत आणि आता त्या सांगायला तंबूत कोणी नातवंड नाही.

इथे एक मराठी तुकडा फार कामाला येतो. बारगीर आणि शिलेदार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतला. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी पाण्याला आणि एक नालबंद. नालबंद का, तर आमचं दख्खन सगळं दगडाचं, गवताळ माळावरच्या मंगोल घोड्याला सहसा नाल लागत नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की घोडा कोणाचा यावर माणूस कोणाचा ते ठरतं. टोळ्यांच्या राष्ट्रात सगळेच शिलेदार असतात, म्हणून खानाला विनवावं लागतं. ज्या दिवशी खान स्वतःची पागा उभारतो त्या दिवशी तो राजा व्हायला लागतो. माझ्या कादंबरीचा दुसरा भाग या एका वाक्यावर चाललाय.

आता लढाई, शेवटी

माझ्या त्या खिंडीचा हिशोब करून दाखवतो. बारका तीनशे किलोचा घोडा, दिवसाला सात-आठ किलो सुका चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी. पन्नास हजार स्वार, प्रत्येकी एकच घोडा धरला तरी रोज चारशे टन चारा, पंधरा दिवसांचे सहा हजार टन. पाणी रोज साडेबारा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वाशे टँकर, कोरड्या खिंडीत. आणि मंगोल स्वार एका घोड्यावर निघत नसे, तीन ते पाच सोबत, आलटून पालटून बसायचं. म्हणजे हे सगळं गुणिले चार. शिवाय माझ्या राष्ट्रात कुटुंबंच चाळीस हजार, पन्नास हजार स्वार आणले कुठून? मी ते वीस हजारांवर आणलं, पंधरा दिवसांचे दोन दिवस केले आणि खिंडीऐवजी नदीकाठ घेतला.

हाच नियम मोठ्या इतिहासालाही लागतो बहुतेक. १२४२ मध्ये मंगोल हंगेरीतून अचानक परत फिरले, ओगताई खान मेला होता हे एक कारण सांगतात, पण तिथलं कुरण एवढ्या घोड्यांना पुरणारं नव्हतं असाही एक तर्क आहे. मला हा दुसरा जास्त पटतो, अर्थात माझं डोकं आता गवतातच अडकलंय.

घोडा दिवसभर चौखूर उधळत नाही. काही किलोमीटर भरधाव, मग तो दमणार. लांबचा प्रवास दुडक्या चालीने, मंगोल स्वार रिकिबीत उभा राहून ती चाल काढतो. तळ हलतोय, मेंढरं बरोबर आहेत, तर दिवसाला दहा-वीस किलोमीटर धरा. निरोप्या मात्र ठिकठिकाणी ताजे घोडे असले तर त्याच्या दहापट जाऊ शकतो, मंगोलांची 'याम' ही चौक्यांची व्यवस्था यासाठीच. म्हणजे बातमी आधी पोचते, माणसं नंतर, जनावरं सगळ्यात शेवटी. प्लॉटची सगळी टायमिंग यावर लावा.

धनुष्य शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून करतात, लांबीला छोटं पण भयंकर ताकदीचं, आणि ओल लागली की सरस सैल. पावसाळी हवेत तुमची अजिंक्य सेना अर्धी होते, शेजारच्या राज्याच्या हुशार सेनापतीला हे माहीत असू द्या. रिकीब आहे की नाही तेही ठरवा, शकांकडे ती नव्हती, चीनकडे इसवी सनाच्या चौथ्या शतकात जोडीने दिसते.

आणि पळणं हे पण लढणंच. इराणचा दारयवहू, साधारण इसवी सनपूर्व ५१३ ला, शकांवर चालून गेला. शक लढेनातच, विहिरी बुजवत, गवत जाळत मागे मागे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की दारयवहूने वैतागून विचारलं उभा का राहत नाहीस, तर शकांचा राजा म्हणाला आमच्याकडे शहर नाही, शेत नाही, घाईने लढावं असं काहीच नाही, हां, आमच्या बापजाद्यांची थडगी शोधा आणि त्यांना हात लावा, मग बघा. म्हणजे भटक्यांकडे न हलणारी एकच गोष्ट असते. तुमच्या राष्ट्राची थडगी कुठे आहेत ते मॅपवर काढा, कोणाला दाखवू नका.

नावं आणि बोलणं

नावात उगाच ख्र, झ्घ असलं काही घालू नका, वाचणाऱ्याची जीभ अडकते आणि तो पान उलटतो. मी टोळ्यांना घोड्याच्या रंगांची नावं दिली, अबलख, कुम्मैत, नुकरा, सब्जा, पंचकल्याणी, आपल्या भाषेत हे सगळं पडून आहे आणि आपण वापरत नाही. मंगोल लोक बहुतेक घोड्यांना नावं ठेवतच नाहीत, रंगावरून ओळखतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे शेकडो शब्द आहेत. म्हणून तुमच्या पात्राने घोड्याला 'वादळ' वगैरे नाव ठेवलं तर बाकीचे हसले पाहिजेत.

भेटल्यावर 'कसे आहात' नाही, 'जनावरं धष्टपुष्ट आहेत ना' असं विचारू द्या. म्हणी, शिव्या जनावरांतूनच. शिवीचं एक खरं उदाहरण, सहाव्या शतकात मंगोलियाच्या माळावर राज्य करणाऱ्या जूजान लोकांच्या खानाकडे तुर्कांचा सरदार बूमीन याने मुलगी मागितली तर खान म्हणाला, तू तर माझा लोहार, तुझी एवढी हिंमत? ५५२ मध्ये त्या लोहाराने जूजान राज्य मोडलं. एका शब्दात सगळी वर्गव्यवस्था आली बघा.

शेवटचं एक काम, घरबसल्या होणार नाही. दिवाळीनंतर धनगरांचे कळप बाहेर पडतात, काही घाट उतरून कोकणात जातात. कुठेतरी शेतात मेंढरं बसवलेली दिसली, खतासाठी शेतकरी बसवून घेतात आणि धान्य नाहीतर पैसे देतात, तर विचारून थोडा वेळ बसा. हे मंगोल नव्हेत, घोड्यावर कोणी बसत नाही, मेंढरांमागे चालतच जातात, पण बिऱ्हाड तट्टांवर लादलेलं असतं, भीमथडीच्या रक्ताची ती तट्टं, आणि ती हाकत पुढच्या तळावर नेणाऱ्या बहुतेक बायकाच. काय आधी लादतात, काय शेवटी, कोंबड्या कुठे बांधतात, पोरगं कुठे बसवतात, कुत्री कधी उठतात, हे सगळं वहीत लिहा. मी मित्राच्या काकांबरोबर असा एक तळ हलताना बघितला, मला वाटलं दोन तास लागतील, चहा संपायच्या आत माळ रिकामा.

नवीन ड्राफ्ट परवा काकांना परत ऐकवला. लढाई त्यांनी मुकाट ऐकली. आता पहिलं चॅप्टर बर्फाने सुरू होतं, वसंत यायला महिना आहे, चुलीपाशी दोन कोकरं, म्हातारी जागी, आणि लांबून कोणीतरी ओरडतंय, कुत्रं धरा. काका म्हणाले कुत्रं आधी भुंकंल की, माणूस मागनं वरडंल. तेवढं बदलतोय.